अडीच किलोचा डबा

आज एसी बंद केला, एप्रिलनंतर पहिल्यांदा.
घराला आपलाच आवाज ऐकू आला:
नळाचा थेंब, फ्रीजची धाप,
खाली दारसैतच्या उतारावर
कुणीतरी गाडी मागे घेतोय.
खिडकी वीतभर ओढली तर वारा आला,
कोरडा, चक्क कोरडा,
समुद्राकडून तोंड पुसून आलेला.

सुजाता रात्रपाळीला. भाजणी माझ्याकडे.

आधी तांदूळ. मग हरभऱ्याची डाळ, मूग, उडीद,
शेवटी धणे, त्यांना नुसती कढईची ऊब दाखवायची.
"काळं करू नको, कच्चं ठेवू नको,"
आई फोनवर म्हणाली,
"मधलं काय ते नाकाला विचार."
माप म्हणून तिनं डबा धाडलाय.
तिच्या मनगटांचं आता कढई ऐकत नाही.

डबा निडोचा. पिवळा रंग केव्हाच उडालेला,
एका अंगानं चेपलेला,
पोटावर खिळ्यानं कोरलंय: शि. धों.
म्हणजे आप्पा.
आमच्याकडे तो डबा नव्हताच कधी, माप होतं.
अर्धा डबा तांदूळ म्हणजे अर्धा डबा,
किलोबिलो वाण्याकडे.
एक पावसाळा आप्पांची पत्रं त्यात राहिली,
त्या पत्रांना अजून जिऱ्याचा वास येतो.

यंदा सुलभाच्या दिराच्या बॅगेतून आला,
आत मेतकूट, मेतकुटात खुपसलेली
नव्या भाताची एक लोंबी.
नव्याच्या पुनवेला दाराला बांध, असा निरोप.
पुनव होऊन पाच दिवस झाले.
विमानाला कुठलं पंचांग.

रेवा ओट्यावर बसून डाळिंब सोलत होती,
जबल अख्दरचं, खालच्या उम्म सैफनी दिलेलं,
बाहेरून खडबडीत, आतून रागावल्यासारखं लाल.
मेतकूट मी बरणीत काढलं, तांदूळ मोजून झाले,
तिनं रिकामा डबा उलटा केला.

बुडाला एक चिकटलेला कागद.
मी तो जन्मभर डाग समजत आलो.
तिनं ओला अंगठा फिरवला
आणि शाळेतल्या अरबीनं, अडखळत,
उजवीकडून डावीकडे:
"दु... कान. बाबा, दुकान म्हणजे दुकानच!
पुढे नाव गेलंय. मत्रह.
दोन रियाल, आणि मग काहीतरी."

मत्रह. इथून दहा मिनिटं,
सिग्नल लागला तर बारा.

म्हणजे ज्याला आम्ही गावचा डबा म्हणून
कस्टममधून जपून आणवला, तो इथलाच.
तोच गावाला कामाला गेला होता,
चाळीस वर्षं. सुट्टी नाही.

पगाराच्या दुसऱ्या दिवशी गेले असतील आप्पा,
शटरिंगच्या फळ्यांनी सोललेले तळवे घेऊन.
कुठल्या भाषेत घासाघीस केली?
की केलीच नाही?
दूध मी आणि सुलभा प्यालो.
ते स्वतः इथं कधी प्यायचे का,
म्हणून आईला पुन्हा फोन लावला.
ती जरा थांबली.
"चहा कोराच घ्यायचे," म्हणाली,
"परत आल्यावरसुद्धा. गाय होती तरी."
मग विचारलं, "उडीद ढवळतोयस ना?"

नव्हतो ढवळत.
एका बाजूला करपला तो, थोडा,
बोलता बोलता.
टाकवला नाही. तसाच ओतला बाकीच्यात.
चकली या वर्षी एक छटा काळी होईल,
विचारलं तर सांगू, हवा बदलली.

लोंबी बांधायला दोरा मिळेना,
पावाच्या पुडीची तार काढली.
तीनशे चारच्या लोखंडी दाराला
ती वाकडीच राहिली, कडीच्या खाली,
आणि उम्म सैफच्या मांजरानं
तेवढ्यात एक दाणा पळवला.

मागून रेवाचा आवाज,
एका हातात साबण, दुसऱ्यात डबा:
"हा धुऊ का?"

आतून धू, म्हटलं.